पोच, बाई, पोच

ओतूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय भागुजी,
जय जिनेंद्र.

परवा नारायणगावच्या थेटरातून बाहेर पडल्यावर तू मला विचारलंस, "कसा वाटला, शेठ?" भोवती लोक होते म्हणून मी "बरा होता" म्हणालो. आता खरं लिहितो. फोनच केला असता, पण तळेघरला रेंज असली तर तू नसतोस, आणि तू असलास तर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही. ओतूरच्या हायस्कुलातून बाहेर पडल्यापासून आपण पत्रंच लिहितोय, तेच बरं.

भागुजी, अडीच तास नुसत्या गाड्या पळाल्या. एकाने दुसऱ्याच्या मागे लागायचं, दुसऱ्याने पुलावरून गाडी उडवायची, पहिल्याने हेलिकॉप्टर आणायचं. का पळतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मधे एक टोमॅटोची हातगाडी उडाली. सगळं थेटर हसलं, तूही हसलास. मी मात्र वाट बघत बसलो, की आता कुणीतरी मागे येऊन त्या टोमॅटोवाल्याला विचारेल, बाबा, लागलं का? कुणी आलं नाही. पन्नास वर्षं पेठेत कापड विकलेल्या माणसाला याचं हसू येत नाही.

डोळे दिपतात आणि मन उपाशी परत येतं. दुकानाच्या काचेतून जिलेबी बघावी तसं. तू चौतीस वर्षं एसटी चालवलीस, कधी कुणाच्या सायकलीला धक्का लागू दिला नाहीस. तुला हे गाड्या ठोकण्याचं वेड लागलं कसं? त्यात तुला काय सापडतं, ते एकदा मला समजावून सांग. चेष्टा नाही, मनापासून विचारतो.

घरी सगळं क्षेम. आमची नात रिद्धी पुण्यात सीएच्या ऑफिसात रमली आहे. तू तिला गाडी शिकवलीस याचे आभार ती अजून मानते.

तुझा
बन्सीलाल मुथा


तळेघर
२१ जानेवारी २०२५

बन्सीशेठ,
जय भीम.

तुझं पत्र जानकाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणली, शेठ बरोबर बोलत्यात. म्हंजे घरात पण मी एकटाच.

ऐक. पावसाळ्याचे दिवस व्हते. तळेघर मुक्कामाची गाडी मी सकाळी काढत व्हतो. भात लावायला गेलेल्या चांगदेवला बांधावर फुरसं चावलं. चार माणसांनी उचलून आणला नि माझ्या गाडीत घातला. दुसरं वाहनच नव्हतं. मी कंडक्टरला म्हणलं, आता घोडेगावच्या दवाखान्यापतुर घंटी मारायची न्हाई.

शेठ, दर स्टॉपावर माणसं हात करत उभी. आतले पॅसेंजर खिडकीतनं वरडायचे, "साप चावलाय! साप चावलाय!" हात केलेली माणसं तोच हात हलवून म्हणायची, "जा, जा!" एका वळणावर बैलगाडी आडवी. आमी पोचायच्या आत पुढच्या वाडीतली माणसं पळत आली न् बैलगाडी ढकलून बाजूला केली. त्यांना कुणी सांगितलं ते मला आजपतुर कळलं न्हाई. घोडेगावला डॉक्टर दारातच उभा व्हता. चांगदेव जगला. आजबी माझ्या दारावरनं जाताना हाक मारतो.

आता तूच सांग. त्या तासाभरात गाडी पळण्याशिवाय दुसरं काय झालं? कुणी भाषण केलं न्हाई. पण त्या खोऱ्यातला माणूस कसा हाये, ते मला त्या दिवशी कळलं. बोलताना माणसाला नाटक करता येतं. जीव घेऊन पळताना येत न्हाई. सिनेमात गाडी पळाय लागली की मी तेच बघतो. हा कुणासाठी पळतोय, न् पोचंल का. परवाचा सिनेमा भुक्कड व्हता, ते मी मान्य करतो. सगळी भाजी तसली नसती.

रिद्धीची काळजी करू नको. एक इचारू? पोरीनं घरात न सांगता एखादी गोष्ट मनापासून धरली, आणि गोष्ट चांगली असली, तर तू काय करशील? असंच इचारतो.

तुझा
भागुजी


ओतूर
३० जानेवारी २०२५

प्रिय भागुजी,
जय जिनेंद्र.

चांगदेवची हकिकत वाचून मी खुर्चीत सावरून बसलो हे कबूल करतो. पण ते खरं घडलेलं. सिनेमातलं खोटं. ते जाऊ दे.

"असंच इचारतो" असं कुणी असंच लिहीत नाही. कोण आहे तो मुलगा? रिद्धीने तुला सांगितलंय आणि तू तिला शब्द देऊन बसला आहेस, मला सगळं कळतं. आमच्या भंवरीबाईला पत्र दाखवलं. सकाळी ती म्हणाली, "जैन असला म्हणजे झालं." दुपारी म्हणाली, "निर्व्यसनी असला तरी चालेल." संध्याकाळी म्हणाली, "स्वभावाने बरा असला तर आपण कशाला अडवायचं?" आता दुकानातून पैठण्या काढून बघते आहे. तेव्हा मुलाचं नाव, गाव, शिक्षण लगेच कळव. मी रागावणार नाही.

तुझा
बन्सीलाल


तळेघर
९ फेब्रुवारी २०२५

बन्सीशेठ,
जय भीम.

भंवरीवहिनींना पैठण्या परत घडी घालून ठेवायला सांग. मुलगा न्हाई, शेठ. गाडी हाये.

रिद्धीनं सीएचं ऑफिस आठ महिन्यांपूर्वी सोडलं. पुण्यात श्रेया मॅडम म्हणून एक बाई हाये, सिनेमातल्या गाड्यांचे स्टंट तिची टोळी करते. रिद्धी त्यांच्यात गाडी चालवते. नटीसारखे कपडे, नटीसारखे केस लावायचे, आणि नटीच्या जागी गाडीत हिनं बसायचं. लोकांना वाटतं नटीच चालवते. पहिल्यांदा तिनं मला इचारलं, "काका, मला जमेल?" मी म्हणलो, तुझ्या हातात गाडी पाण्यासारखी चालते, तुला न्हाई जमणार तर कुणाला?

तुला सांगायचं तिच्याच तोंडून, असं ठरलं व्हतं. तिची छाती व्हईना. माझीबी झाली न्हाई.

तुझा
भागुजी


ओतूर
१३ फेब्रुवारी २०२५

भागुजी,

आमच्या घरात पाणी गाळून पितात. कांदा, बटाटा घरात येत नाही. कशासाठी? तर आपल्या पोटापायी एका जिवालाही इजा होऊ नये. त्या घरातल्या मुलीने मारधाडीवर पोट भरावं?

ती चुकली, ती लहान आहे. तू आठ महिने माझ्या ओट्यावर बसून चहा प्यालास आणि एक शब्द बोलला नाहीस. उद्या तिच्या जिवाचं काही बरंवाईट झालं असतं तर मला कुठल्या तोंडाने सांगितलं असतंस?

यापुढे पत्र पाठवू नये.

बन्सीलाल मुथा


तळेघर
२० मार्च २०२५

बन्सीशेठ,
जय भीम.

नको म्हणलास तरी लिहितो. पाच आठवडे झाले. रागावला असशील तर बरोबर हाये तुझं. माफी मागतो. माझ्या वयाच्या माणसानं लपवाछपवी करू न्हाई.

रिद्धी इथं येऊन गेली. लई रडली. तू तिचा फोन घेत न्हाईस म्हणली. आईबाप म्हणत्यात, दादाजी म्हणतील तसं. तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं: "दादाजींनी एकदा येऊन काम बघावं. बघून नाही म्हणाले तर मी त्याच दिवशी सोडून घरी येते." कुणाच्या सांगण्यावरनं न्हाई, तिचं ती बोलली.

५ एप्रिलला, शनिवारी, डिंभे धरणाच्या वरल्या अंगाला शूटिंग हाये. नवा रस्ता झाल्यापासून जुन्या रस्त्यावर कुणी जात न्हाई, तिथं. मी तुझ्यासंगं आलो असतो, पण एक तारखेला मंचरला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. मोतीबिंदू. मंग महिनाभर धूळ न्हाई, ऊन न्हाई, वाचणं न्हाई. तुझं पत्र आलंच तर सून कल्याणी वाचून दाखवंल.

जा, शेठ. नाय म्हणायचं असंल तर तिच्या तोंडावर म्हण. पण बघून म्हण.

तुझा
भागुजी


ओतूर
७ एप्रिल २०२५

प्रिय भागुजी,
जय जिनेंद्र.

कल्याणी, बेटा, हे पत्र मोठ्याने आणि सावकाश वाच. तुझ्या सासऱ्यांना महिनाभर सिनेमा बघायला मिळणार नाही, म्हणून मी त्यांना एक दाखवतो आहे.

शनिवारी सकाळची गाडी धरून जुन्नर, घोडेगाव करत डिंभ्याला उतरलो. काय बोलायचं ते घोकत गेलो होतो. जुन्या रस्त्याच्या तोंडाशी चमकत्या जाकिटातला एक माणूस म्हणाला, "आजोबा, शूटिंग आहे, पुढे जाता येणार नाही." मी म्हणालो, "माझी नात आत आहे. रिद्धी मुथा." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "रिद्धीताईंचे आजोबा?" मग खुर्ची आली, छत्री आली.

मी बसलो नाही, कारण समोर जे दिसलं ते मला कळेना. रस्त्यावर सहा माणसं एका ओळीत खराटे घेऊन झाडत येत होती. पेठेतला झाडूवाला झाडतो तसं नाही. एकेक पाऊल टाकायचं, खाली बघायचं, खडा दिसला की वाकून उचलायचा, मग पुढचं पाऊल. गेल्या महिन्यात आमच्याकडे साध्वीजी विहार करत आल्या होत्या. चार हात पुढची जमीन बघत त्या चालतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. भागुजी, अगदी तशी चाल. आणि ओळीत मधोमध आमची रिद्धी.

मला बघून ती थबकली. पाया पडली. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"एक खडा चाकाखाली आला तरी गाडी हातभर सरकते, दादाजी. त्या हातभर जागेत कुणाचा तरी पाय असतो."

मग तिने गाडी दाखवली. आत लोखंडी पाइपांचा पिंजराच केलाय. खांद्यावरून, कमरेवरून पट्टे. बाजूला ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर. तुझ्या त्या श्रेया मॅडम आल्या, पन्नाशीच्या, हातावर भाजल्याची जुनी खूण. म्हणाल्या, "बाबूजी, आमचं काम एवढंच. पडद्यावर सगळं मोडलेलं दिसलं पाहिजे, आणि संध्याकाळी सगळे धडधाकट घरी गेले पाहिजेत."

घरून जे घोकून नेलं होतं ते ऐनवेळी सापडेना. म्हणून रस्त्याच्या कडेने फिरायला लागलो.

आणि एक टिटवी माझ्या टोपीवर धावून आली! ओरडतेय, झेप घेतेय, परत वर जातेय. अशी ओरडते म्हणजे पायाशी काहीतरी आहे. खाली बघितलं तर मुरमात चार अंडी. मुरमाच्याच रंगाची, एक पाऊल पुढे टाकलं असतं तर संपलं होतं. झाडणाऱ्यांनी डांबर झाडलं होतं, ही कडेला होती. आणि वाळूची पोती रचली होती त्यावरून गाडी आडवी सरकत यायची ती नेमकी या कडेवर.

मी हात पसरून तिथेच उभा राहिलो. भोंग्यातून दिग्दर्शकाचा आवाज आला, "आजोबांना बाजूला घ्या!" मी म्हणालो, "घेऊन दाखवा!" आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोललो असेन. माणसं धावत आली. एक म्हणाला, अंडी उचलून पलीकडे ठेवू. दुसरा म्हणाला, उजेड जाईल. तेवढ्यात रिद्धी आली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "अंडी हलवायची नाहीत. गाडी हलवायची. चाळीस फूट पुढे आडवी घालते."

दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. श्रेया मॅडमनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेप काढली, पुन्हा मोजलं, पुन्हा झाडलं, वाळूची पोती उचलून नव्या जागी रचली. दोन तास गेले. या वेळी कडा झाडून बघायला मला पुढे घातलं. मलाही ते चमकतं जाकीट दिलं. भंवरीबाईला सांगितलेलं नाही.

मग मी रिद्धीला तेच विचारलं जे तुला विचारलं होतं. "सिनेमातली ही बाई पळते कशाला?"

ती म्हणाली, "एका खटल्यात ती एकटीच साक्षीदार आहे, दादाजी. निरपराध माणूस आत जाणार आहे. बारा वाजायच्या आत ती कोर्टात पोचली तर सुटेल. म्हणून खरे गुन्हेगार तिला अडवतायत."

खरी नटी छत्रीखाली बसून भजी खात होती. आमची गाडीत बसली.

भागुजी, ती आली! आधी नुसती धूळ, मग आवाज, मग वळणावरून ती पांढरी गाडी. मागे दोन काळ्या जीप. एक जीप बाजूला आली, घासली, ठिणग्या उडाल्या. पांढरी गाडी कडेला, खाली धरणाचं पाणी. आणि मी काय केलं असेल? मी माझ्या नातीला विसरलो. मला ती साक्षीदार बाई तेवढी दिसत होती. मी जोरात म्हणत होतो, "पोच, बाई, पोच! पोच!" गाडी आडवी झाली, चारी चाकं किंचाळली, जीपच्या नाकासमोरून गर्रकन वळून निघून गेली. सुटली! मी टाळ्या वाजवल्या. आणि मग आठवलं की आत रिद्धी आहे. मटकन खालीच बसलो.

ती धावत आली. अंगावर ओरखडा नाही. माझ्या शेजारी मातीत बसली. म्हणाली, "दादाजी, लागलं का कुठे?" मला! तिने मला विचारलं!

तू लिहिलं होतंस, गाडी कुणासाठी पळते ते बघ. मी बघितलं. नारायणगावचा तुझा सिनेमा टाकाऊच होता, त्या मताला मी चिकटून आहे. त्यात कुणाला कुठे पोचायचंच नव्हतं. पण पोचायचं असलं, तर त्या पळण्यात सगळं येतं. खटला, न्याय, भीती, सगळं. बोलायची गरज पडत नाही. आणि दिसतं तेवढ्याच्या मागे सहा माणसं खाली बघत चालत गेलेली असतात, हे तर तुलाही माहीत नव्हतं.

आता पुढचं. या सगळ्यात पाच वाजले. तुला माहीतच आहे, आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि मी सकाळपासून दोन केळ्यांवर होतो. भंवरीबाई ताट करून बसलेली असणार. रिद्धी म्हणाली, "चला, मी सोडते." डिंभे ते ओतूर, आणि सूर्य आमच्या डाव्या हाताला उतरतोय!

मला वाटलं, आता बसल्या बसल्या पोचलो. कशाचं काय! रिकाम्या रस्त्यावर गाडी उडवणारी ही मुलगी, माणसांच्या रस्त्यावर चाळीसच्या वर जाईना. घोडेगावच्या पुढे धनगराची मेंढरं. हॉर्न नाही, काही नाही, काच खाली करून म्हणाली, "चालू द्या, काका." शेवटचं कोकरू जाईपर्यंत उभी. जुन्नरच्या अलीकडे नवरदेवाची मिरवणूक. नाचणाऱ्यांनी मलाच खाली उतरा म्हटलं. मी म्हणालो, "रिद्धी, जरा चालव की! सूर्य बघ!" ती म्हणाली, "दादाजी, रस्त्यावर माणसं आहेत."

मग हळूच म्हणाली, "तुम्ही अजून सांगितलं नाहीत. मी परत जाऊ, की घरी राहू?"

मी म्हणालो, "आधी पोच."

ओतूरच्या अलीकडे आलो तेव्हा सूर्य डोंगरावर हातभर उरला होता. आणि समोर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या भरून, बैलाच्या चालीने.

भागुजी, कागद संपला. तू माझ्यापासून आठ महिने लपवलंस. तू आठ दिवस थांब.

तुझा
बन्सीलाल


तळेघर
१२ एप्रिल २०२५

बन्सीशेठ,
जय भीम.

हे कल्याणीच्या हातचं हाये, बोलतोय मी.

तुला माणूस म्हणावं का काय म्हणावं! ओट्यावर बसून पत्र वाचत व्हती कल्याणी. शेजारचा चांगदेव येऊन बसला, त्याची मंडळी आली, बघता बघता ओटा भरला. जानकाबाई कुठलाबी सिनेमा लागला की पंधरा मिनिटांत घोरते. ती आज नाचणीचं पीठ मळता मळता तसाच हात घेऊन बाहेर आली. मेंढरांपाशी म्हणली, "अगं, वाजीव की हॉर्न!" आणि कल्याणी म्हणली, "कागद संपला." जानकाबाईनं तिच्या हातातनं पत्र घेतलं, मागं फिरवून बघितलं, पाकीट फाडून आत बघितलं. मला म्हणती, "तुमचा मैतर लई वंगाळ हाये. पोरगी पोचली का न्हाई ते आदी सांगा!"

तेव्हापासून दारावरनं जाणारा परत्येक माणूस इचारतोय. चांगदेव म्हणतो, ट्रॅक्टरवाल्यानं बाजू दिली असणार, ओतूरची माणसं तशी न्हाईत. त्याची मंडळी म्हणती, शेठ उपाशी झोपले.

डोळ्याची पट्टी निघाली. काळा चष्मा लावलाय. सगळं झकास दिसतंय, पण त्याचं मला काय! पोचलास का, ते कळव. आणि पोरीला काय म्हणलास, ते कळव. उलट टपाली.

तुझा
भागुजी

ता. क. मी कल्याणी. काका, मलाही झोप लागत नाही. लवकर लिहा.


ओतूर
१६ एप्रिल २०२५

प्रिय भागुजी,
जय जिनेंद्र.

पोचलो. ट्रॅक्टरवाल्याने मागे बघितलं, माझी टोपी ओळखली, आणि अख्खा ट्रॅक्टर शेतात उतरवला. चांगदेवला सांग, ओतूरची माणसं तशीच आहेत.

भंवरीबाई ताट घेऊन रस्त्यावरच उभी होती. मी दारातच बसून जेवलो. शेवटचा घास तोंडात, आणि सूर्याची कड डोंगराला टेकलेली. रिद्धी घड्याळ बघून म्हणाली, "दोन मिनिटं हातात होती." भंवरीबाईला सगळं कळलं तेव्हा ती आधी मला ओरडली, मग तिने रिद्धीच्या अंगावरून हात फिरवून हाडं मोजली, मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तीन पोळ्या जास्त वाढल्या.

रिद्धीला म्हणालो, "सोमवारी कामावर जा. लपून जायचं नाही. निघताना घरात सांगून, नवकार मंत्र म्हणून जायचं." ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही थोडा रडलो, हे जानकावहिनींना वाचून दाखवू नको.

सिनेमा दिवाळीला लागेल म्हणतात. मी भंवरीबाईला सांगितलं, भागुजी आणि मी पहिल्या दिवशी पहिला खेळ बघणार. ती म्हणाली, "आणि मी काय घरात बसू?" तेव्हा तिकिटं पाच काढतो. कल्याणी मधे बसेल. जानकावहिनींना म्हणावं, झोपल्या तर उठवणार आहोत.

तुझा
बन्सीलाल